परसातली दुसरी चूल

लॉस एंजेलिस शहराच्या कोणत्याही जुन्या वस्तीत गेले तर भूखंडाची मांडणी बहुधा ठरलेली दिसते. रस्त्याच्या कडेला पायवाट, तिच्यापुढे हिरवळीचा एक तुकडा, त्यामागे एकमजली लाकडी घर, घराच्या एका अंगाने मागे जाणारा मोटारीचा अरुंद रस्ता, आणि त्या रस्त्याच्या टोकाला, परसाच्या कोपऱ्यात, मोटार ठेवण्याची खोली. तिला तेथेही गॅरेज म्हणतात आणि आपल्याकडेही. भूखंड पाच-सहा हजार चौरस फुटांचा, घर हजार-दीड हजार फुटांचे, बाकीची जागा मोकळी. मोटार पुष्कळदा रस्त्यावरच उभी असते आणि गॅरेजात मोडक्या खुर्च्या, जुनी खोकी व मुलांच्या सायकली पडलेल्या असतात. या तीन-चारशे चौरस फुटांच्या खोलीत एखाद्या माणसाने संसार थाटावा की नाही, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु याच प्रश्नावर कॅलिफोर्निया राज्य आणि त्यातील नगरे यांच्यामध्ये चाळीस वर्षांहून अधिक काळ वाद चालत आला आहे, आणि घर कोणाला मिळावे व ते कोणी ठरवावे, या मोठ्या प्रश्नाची गाठ त्यातच अडकली आहे.

इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोदे येथील जुन्या बंगल्यांच्या आवारात 'आउटहाउस' असे. तेथे कधी माळ्याचे कुटुंब राही, कधी शिकावयास आलेला गावाकडचा मुलगा, कधी एखादे लहानसे बिऱ्हाड. कॅलिफोर्नियातील या लहान घरांची जात तीच. लोकांच्या तोंडी त्यांना नावे पुष्कळ आहेत. कोणी 'ग्रॅनी फ्लॅट' म्हणजे आजीचे घर म्हणतो, कोणी 'इन-लॉ युनिट' म्हणजे सासूसासऱ्यांचे बिऱ्हाड. स्पॅनिश बोलणारे त्याला 'कासिता', म्हणजे घरकुल म्हणतात. कायद्याने मात्र या सर्वांना एकच रुक्ष नाव दिले आहे: 'ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट', अर्थात मुख्य घराला पूरक असे राहण्याचे स्थान. त्याची व्याख्याही कायदा करतो. राहणे, झोपणे, जेवणे, स्वयंपाक करणे आणि स्नानशौच, या सर्वांची कायम व स्वतंत्र सोय जेथे आहे ते घर. व्याख्येतील कळीचा शब्द स्वयंपाक हा आहे. परसात खोली बांधा, तीत पलंग ठेवा, पाहुणे उतरवा, त्याला फारशी हरकत नसे. पण तेथे शेगडी मांडली की ते दुसरे घर झाले आणि नगराचा सगळा नियमसंग्रह जागा झाला. चूल वेगळी झाली की घर वेगळे झाले, हे एकत्र कुटुंबातल्या कोणाही माणसाला समजते. प्रशांत महासागराच्या काठच्या नियमकर्त्यांनीही नेमकी हीच खूण धरली, ही मौजेची गोष्ट म्हटली पाहिजे.

दुसऱ्या चुलीवर एवढा राग का, हे समजण्यास थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नगरांनी आपली जमीन विभागून कोठे कारखाने, कोठे दुकाने आणि कोठे घरे, हे ठरविण्यास सुरुवात केली. बर्कली या गावाने १९१६ मध्ये त्यापुढे पाऊल टाकले आणि काही भाग केवळ एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरांसाठी राखण्याची सोय केली. १९२६ मध्ये ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विभागणीवर मान्यतेची मोहोर उमटवली. त्या निकालपत्रात, स्वतंत्र घरांच्या वस्तीत शिरणाऱ्या बहुमजली भाड्याच्या इमारतीची तुलना जवळजवळ बांडगुळाशीच केलेली आहे. न्यायालयाच्या लेखणीतून उतरलेली ती उपमा पुढे अनेक नगरसभांच्या मनात घर करून बसली. एक भूखंड, एक घर, एक कुटुंब, हाच सद्गृहस्थांच्या वस्तीचा आदर्श ठरला. त्यापूर्वी मागच्या परसात लहान घर असणे ही नित्याची गोष्ट होती आणि जुन्या मोहल्ल्यांत अशी घरे आजही दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जी अफाट उपनगरे उठली त्यांत मात्र त्यांना जागा उरली नाही.

नियमाने घर बांधू दिले नाही म्हणून माणसे नाहीशी होत नाहीत. ती दुसरीकडून आत येतात. १९८७ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स' या वृत्तपत्राने केलेल्या पाहणीचा अंदाज असा निघाला की, त्या एका परगण्यात सुमारे ४२ हजार गॅरेजांतून जवळजवळ दोन लाख माणसे राहत होती. परवाना नाही, म्हणून तपासणी नाही. तपासणी नाही, म्हणून विजेची तार कोठून ओढली आहे आणि खिडकी उघडते की नाही, हे पाहावयास कोणी नाही. पुढच्या दशकात अशा गॅरेजांना आगी लागून लहान मुले दगावल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा प्रश्न असा नव्हताच की परसात माणसे राहतील की नाही. ती राहतच होती. प्रश्न एवढाच होता की, ती अंधारात राहतील की नियमाच्या उजेडात.

राज्याच्या विधिमंडळाला ही गोष्ट अगदीच दिसत नव्हती असे नाही. १९८२ मध्येच दुसऱ्या घराविषयीचा पहिला कायदा झाला. त्यात नगरांपुढे तीन मार्ग ठेवले होते. स्वतःचा नियम करावा. तो केला नसेल तर राज्याने ठरविलेल्या प्रमाणांप्रमाणे अर्ज निकालात काढावा. किंवा सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता आणि हित यांना बाध येतो असे सकारण नोंदवून अशी घरे सपशेल मना करावीत. बहुतेक नगरांनी पहिला मार्ग पत्करला. पत्करला, म्हणजे नियम केला. पण तो नियम असा की त्यातून घर उभे राहू नये. येथे नगरांच्या कल्पकतेला दाद द्यावी लागते. मनाई करावयाची तर कारणे द्यावी लागतात, आणि कारणे न्यायालयात तपासली जातात. अटी घालावयाच्या तर कारणांचे ओझे फारसे पडत नाही.

या अटी जवळून पाहण्यासारख्या आहेत, कारण खरा कारभार त्यांतच होता. पहिली अट भूखंडाच्या आकाराची. पॅसाडेना नगराने किमान पंधरा हजार चौरस फुटांचा भूखंड मागितला होता. पाच-सहा हजार फुटांच्या सामान्य भूखंडाच्या मालकाला त्या नियमाचा उपयोग किती, हे सांगावयास नको. ज्याच्याजवळ पंधरा हजार फूट मोकळी जागा आहे, त्याला भाडेकरूची गरज बहुधा नसते. दुसरी अट वाटेची. रस्त्यापासून मागच्या घराच्या दारापर्यंत ठरावीक रुंदीची, वर आकाशापर्यंत मोकळी अशी वाट असली पाहिजे, असे अनेक नगरांचे नियम म्हणत. घराच्या वळचणीचे टोक त्या वाटेवर आले तरी वाट मोडली. जुन्या वस्त्यांत दोन घरांमधली जागाच इतकी अरुंद की, ही अट पाळावयाची तर मुख्य घराची भिंत तासावी लागली असती.

पण सगळ्यांत जबर अट मोटारीची होती. गॅरेजाचे घर करावयाचे तर आधीची मोटार ठेवण्याची जागा जाते. ती भरून काढा, तीही छप्पर असलेली. शिवाय नव्या राहणाऱ्यासाठी आणखी एक जागा दाखवा. म्हणजे एका गॅरेजाचे घर करण्यासाठी दुसरे गॅरेज बांधा, असा याचा अर्थ. आणि दुसरे गॅरेज बांधण्याएवढी जागा असती तर मालकाने तेथे घरच बांधले नसते काय? नव्या घरात राहावयास येणारी वृद्ध आई मोटार चालवीत नाही, बसने जाते, हे सांगून उपयोग नसे. नियमाच्या लेखी प्रत्येक चुलीमागे एक मोटार होतीच.

याशिवाय मालकाने त्याच भूखंडावर राहिले पाहिजे, असे बंधन. पाणी, सांडपाणी, शाळा, उद्याने यांच्यासाठी नगराला द्यावयाची शुल्के, जी कधी कधी लहान घराच्या खर्चाचा मोठा हिस्सा खाऊन टाकीत. आणि शेवटी सुनावणी. सुनावणी म्हणजे शेजाऱ्यांना नोटिसा जात, नियोजन आयोगापुढे तारीख पडे, आणि संध्याकाळी सभागृहात उभे राहून शेजारी सांगत की, आमच्या रस्त्यावर मोटारी वाढतील, खिडकीतून आमचे परस दिसेल, कोण कुठला माणूस राहावयास येईल. ज्या गृहस्थाला आपल्या वडिलांसाठी एक खोली आणि शेगडी एवढेच हवे होते, त्याला वडिलांच्या वतीने चारचौघांत साक्ष द्यावी लागे. पुष्कळ लोक अर्जच करीत नसत. ते सुताराला बोलावीत आणि रविवारी काम उरकून घेत.

सुनावणीचा हा जाच २००२ च्या दुरुस्तीने कायद्यापुरता तरी संपला. १ जुलै २००३ पासून अशा अर्जांचा निकाल केवळ लिखित अटी पाहून द्यावयाचा, अधिकाऱ्याच्या किंवा आयोगाच्या मर्जीवर नाही, असे ठरले. पण अटी कोणत्या असाव्यात हे नगरेच ठरवीत राहिली. सांता क्रूझसारख्या एखाद्या गावाने मनापासून प्रयत्न केला. तेथे त्याच सुमारास वास्तुशास्त्रज्ञांकडून लहान घरांचे नमुने काढून घेण्यात आले, मालकांसाठी पुस्तिका तयार झाल्या आणि मोटारीच्या जागेची अट सैल झाली. बाकीच्या बहुतेक ठिकाणी कागद बदलले आणि परसे तशीच राहिली.

लॉस एंजेलिसमध्ये तर एक विचित्र प्रसंग घडला. शहराचा स्वतःचा १९८५ चा नियम नव्या राज्यकायद्याशी जुळत नव्हता. म्हणून २०१० पासून शहराचे अधिकारी तो बाजूला ठेवून राज्याच्या प्रमाणांप्रमाणे परवाने देत होते. काही रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. आपलाच नियम रीतसर रद्द न करता शहराला तो असा गुंडाळून ठेवता येणार नाही, असा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि परवाने थांबले. ज्यांना आधीच परवाने मिळाले होते अशी शेकडो कुटुंबे मध्येच लटकली. कोणाचा पाया भरला होता, कोणाच्या भिंती उभ्या होत्या, कोणी कर्ज काढले होते. त्यांचा अपराध एवढाच की, नगराने दिलेल्या शिक्क्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता. शहराला पुढे खास ठराव करून त्यांना संरक्षण द्यावे लागले. निर्णय कायद्याच्या दृष्टीने चुकीचा होता असे म्हणता येत नाही. पण दोन स्तरांवरील नियम एकमेकांशी बोलत नसले म्हणजे मार सामान्य माणसाला बसतो, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडेल.

त्याच वर्षी विधिमंडळाने दिशा बदलली. १ जानेवारी २०१७ पासून अमलात आलेल्या कायद्यांनी आकाशापर्यंतच्या वाटेची अट काढून टाकली. सार्वजनिक वाहनाच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत असलेल्या भूखंडावर नव्या घरासाठी मोटारीची जागा मागता येणार नाही, असे ठरविले. मुख्य घराला आगीवर पाणी शिंपडणारी नळयोजना आवश्यक नसेल तर मागच्या घरालाही ती सक्तीची नाही, असेही म्हटले. त्याच वेळी घराच्या भिंतींच्या आत, पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या 'धाकट्या' घराचीही सोय झाली. त्यात लहानशी शेगडी व ओटा असावा, न्हाणीघर मुख्य घराशी सामाईक असले तरी चालेल. ही सोय म्हणजे एका छपराखाली दोन चुली, याला कायद्याने दिलेला जवळजवळ आशीर्वादच होय.

२०१९ मध्ये झालेल्या आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्यांनी नगरांच्या हातातील उरलीसुरली शस्त्रेही काढून घेतली. भूखंडाच्या किमान आकाराची अट रद्द झाली. गॅरेजाचे घर केले तर गेलेली मोटारीची जागा भरून मागता येणार नाही, असे स्पष्ट झाले. आठशे चौरस फुटांपर्यंतचे आणि सोळा फूट उंचीपर्यंतचे स्वतंत्र घर, बाजूच्या व मागच्या हद्दीपासून चार-चार फूट जागा सोडली असेल तर, कोणत्याही नगराला अडविता येत नाही. साडेसातशे चौरस फुटांहून लहान घरावर परिणाम-शुल्क घेता येत नाही. मोठ्या घरावर ते मुख्य घराच्या प्रमाणातच घ्यावे लागते. पूर्ण अर्ज आल्यापासून साठ दिवसांत निकाल द्यावयाचा, नाही दिला तर परवाना मिळाला असे धरावयाचे. मालकाने तेथेच राहण्याची अट पाच वर्षांपुरती स्थगित झाली आणि २०२३ च्या कायद्याने पूरक घरांपुरती ती कायमची गेली. स्थानिक नियम राज्याच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो नियमच निष्फळ ठरतो आणि राज्याची प्रमाणे लागू होतात. २०२४ मध्ये ही सगळी कलमे नव्या क्रमांकांनी एकत्र मांडण्यात आली, इतकी ती वाढली होती.

परिणाम आकड्यांत दिसतो. लॉस एंजेलिस शहरात २०१६ साली, न्यायालयीन अडचणीमुळे म्हणा किंवा जुन्या अटींमुळे म्हणा, अशा घरांचे परवाने शे-दोनशेच्या पलीकडे गेले नव्हते. २०१७ साली अर्जांची संख्या एकदम दोन हजारांच्या घरात गेली. साऱ्या राज्यात २०२२ पर्यंत एका वर्षाचे परवाने वीस हजारांवर पोचले. जमीन तीच, माणसे तीच, विटा-लाकूड उलट महागलेले. बदलल्या त्या अटी. 'परवानगी आहे' हे शब्द १९८२ पासून कायद्यात होतेच, पण त्यांच्यामागून येणारी वाक्ये काढून टाकल्याशिवाय त्यांना अर्थ आला नाही.

नगरांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र समजू नये. डोंगराळ भागात एकच अरुंद रस्ता असतो. वणवा आला की त्याच रस्त्याने गाव सोडावयाचे आणि त्याच रस्त्याने अग्निशामक दल वर यावयाचे. तेथे वस्ती वाढविताना विचार करावा, हे म्हणणे स्वार्थाचे नव्हे. सांडपाण्याची नळी जेवढ्या घरांसाठी घातली तेवढ्यांनाच ती पुरते. पाणी, सांडपाणी, वाहतूक आणि सार्वजनिक सुरक्षितता यांचा विचार करून अशी घरे कोठे होऊ द्यावीत हे ठरविण्याची काही मुभा कायद्यानेही नगरांना ठेवली आहे. आणि स्थानिक स्वराज्य हे केवळ अडवणुकीचे दुसरे नाव नाही. आपल्या गल्लीची रचना आपण ठरवावी, ही इच्छा कोणत्याही गावात रास्तच मानली जाते. अडचण अशी की, त्या सभागृहात घर असलेले सारे बोलतात आणि ज्याला घर हवे आहे तो मनुष्य बहुधा त्या गावात राहतच नसतो. त्याचे मत कोणी विचारावे?

काही नगरांनी या मुभेचा असा वापर केला की त्यांच्या शहाण्या शेजाऱ्यांनाही हसू आवरले नसेल. वुडसाइड या श्रीमंत गावाने २०२२ च्या आरंभी, भूखंड विभागून अधिक घरे बांधू देणाऱ्या दुसऱ्या एका कायद्यातून सुटण्यासाठी, आपले सबंध गाव डोंगरी सिंहाचे वसतिस्थान असल्याचे जाहीर केले. राज्याच्या महाधिवक्त्याने तंबी दिल्यावर काही दिवसांतच तो पवित्रा मागे घेण्यात आला. हंटिंग्टन बीच या समुद्रकाठच्या शहराने २०२३ च्या फेब्रुवारीत परसातल्या घरांचे अर्ज स्वीकारणेच थांबविण्याचे ठरविले. मार्चमध्ये राज्याने दावा लावला आणि त्याच महिन्यात शहराने ती बंदी उठविली.

एवढे सगळे झाल्यावर घर कोणाला मिळाले, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर सरळ नाही. परसात स्वतंत्र घर बांधावयाचे तर दीड-दोन लाख डॉलरच्या आत काम क्वचितच होते. पुष्कळदा खर्च त्याहून बराच वर जातो. बँक कर्ज देते ते मुख्य घराच्या वाढलेल्या किमतीवर. म्हणजे ज्याने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी स्वस्तात घर घेतले, त्याला हे नवे घर सहज बांधता येते. ज्याने काल हप्ते सुरू केले, त्याला कठीण. आणि जो भाडेकरू आहे त्याला परसच नाही. कमी उत्पन्नाच्या मालकांना बांधकामापूर्वीच्या खर्चासाठी चाळीस हजार डॉलरपर्यंत अनुदान देण्याची योजना राज्याने काढली होती. तिचा पैसा पाहता पाहता संपला. काही नगरांनी तयार व आधीच मंजूर केलेले नकाशे ठेवले आहेत. त्यांमुळे वास्तुशास्त्रज्ञाचा खर्च आणि महिना-दोन महिने वाचतात. २०२३ च्या कायद्याने नगरांची इच्छा असेल तर मागचे घर स्वतंत्रपणे विकू देण्याचीही मुभा दिली. सॅन होझे शहराने ती २०२४ मध्ये प्रथम वापरली. तरी परसातल्या घराचे भाडेसुद्धा बाजाराच्याच दराने ठरते. कायद्याने दार उघडले आहे, दाराशी पोचण्याचा खर्च त्याने कमी केलेला नाही.

या बदलाचा लाभ सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी वसलेल्या अनेक भारतीय, आणि त्यांत मराठी, कुटुंबांनाही होऊ शकतो. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होझे या गावांतून अशी कितीतरी घरे आहेत की जेथे म्हातारे आईवडील सहा महिने येऊन राहतात, किंवा कायमचेच येतात. मुलगा-सून दिवसभर बाहेर, नातवंडे शाळेत, आणि स्वयंपाकघर एकच. आईला सकाळी सहाला चहा लागतो, फोडणीचा वास सुनेला नको असतो. कोणाचेच चुकत नाही आणि तरी दोघींचे मन कष्टी होते. अशा घरी परसातले पाचशे फूट आणि स्वतःची शेगडी म्हणजे केवढी सोय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच कळेल. हाक मारली तर ऐकू यावी एवढे जवळ, आणि दार लावले तर आपले घर म्हणता यावे एवढे दूर. पुढे आईवडील नसतील तेव्हा तेच घर शिकणाऱ्या मुलाला किंवा भाडेकरूला देता येते. मात्र तीस दिवसांहून कमी मुदतीने, धर्मशाळेसारखे, ते देण्यास नगर मनाई करू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.

आता राहिली ती जुनी गॅरेजे. परवाना नसलेल्या घरात राहणारा भाडेकरू तक्रार करावयास जाऊ शकत नव्हता, कारण तक्रार केली की निरीक्षक यावयाचा आणि दुरुस्तीऐवजी घरच रिकामे करावयाचा. मालकही पुढे येत नसे. २०२४ च्या कायद्याने या कोंडीला हात घातला. १ जानेवारी २०२० पूर्वी बांधलेल्या अशा घराला, त्यावेळी ते नियमाबाहेर होते एवढ्याच कारणावरून, परवाना नाकारता येत नाही. आरोग्य व सुरक्षितता यांसाठी जी दुरुस्ती अवश्य आहे ती मात्र केली पाहिजे. १९८७ च्या पाहणीपासून जवळजवळ चाळीस वर्षांनी, विजेची तार कोठून ओढली आहे हे पाहावयास कोणीतरी येऊ शकेल आणि तरीही आतल्या माणसाला बाहेर पडावे लागणार नाही, अशी ही व्यवस्था आहे.

नियमाच्या भाषेत मात्र मागचे घर अद्याप पूरकच आहे. मुख्य घरात राहण्याचा दाखला मिळाल्याशिवाय पूरक घराला तो देऊ नये, असा शिरस्ता आहे आणि शांततेच्या दिवसांत त्यात वावगे काही नाही. परंतु जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात वणवे पेटले. पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडेना येथे हजारो घरांची राख झाली. अल्टाडेनामध्ये पिढ्यान्पिढ्या राहणारी साधी कुटुंबे होती. विम्याची रक्कम अपुरी, मुख्य घर उभारण्यास वर्षे लागणार, आणि तोवर दूर कोठे तरी भाड्याने राहावयाचे. तेव्हा त्याच वर्षी विधिमंडळाने तो शिरस्ता आपत्तीग्रस्तांपुरता सैल केला. वणव्यात मुख्य घर गमावलेल्या मालकाला आता परसातले लहान घर आधी बांधून त्यात राहण्याचा दाखला मिळू शकतो. पुढे मोकळी, काळी पडलेली जमीन, आणि मागे हद्दीपासून चार फूट सोडून उभे राहिलेले घर. त्या भूखंडावर पेटणारी चूल आधी तेथे पेटेल.